गर्भ रुजताना नेमके काय घडते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मानवी भ्रूण गर्भाशयात कसा रुजतो आणि त्याचा अभ्यास प्रयोगशाळेत कोणत्या प्रतिरूपांच्या साहाय्याने केला जातो, या विषयावर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. अनेकांनी नाव न छापण्याची विनंती केली होती, म्हणून सर्वच नावे वगळली आहेत.

प्रश्न : आयव्हीएफ उपचारांत दोन्ही वेळा आमचे भ्रूण उत्तम दर्जाचे असल्याचे सांगितले गेले, तरी गर्भ राहिला नाही. "भ्रूण रुजला नाही" एवढेच उत्तर मिळाले. वैद्यकशास्त्र इतके पुढे गेलेले असताना कारण का सांगता येत नाही?

उत्तर : आपल्याला कारण सांगितले गेले नाही, याचा अर्थ कोणी ते लपवले असा नाही. ज्या दिवसांत ही घटना घडते, त्या दिवसांत गर्भाशयाच्या आत पाहण्याचे साधन आजही उपलब्ध नाही. फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण म्हणजे शंभर ते दोनशे पेशींचा, आतून द्रवाने भरलेला एक पोकळ गोळा असतो. त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात आणि त्याचा व्यास मिलिमीटरच्या पाचव्या भागाच्या आसपास असतो. बाहेरच्या थरातील पेशी पुढे वार तयार करतात, तर आत एका बाजूला असलेल्या पुंजक्यापासून बाळाचे शरीर घडते. हा गोळा भोवतालच्या पारदर्शक आवरणातून बाहेर पडतो, गर्भाशयाच्या अस्तराला टेकतो, चिकटतो आणि मग अस्तराच्या पृष्ठभागातून आत शिरतो. बाराव्या दिवसाच्या सुमारास तो अस्तरात पूर्णपणे रुतलेला असतो. सोनोग्राफीत गर्भाची पिशवी दिसते ती पाळी चुकल्यानंतर, आणि रक्तात एचसीजी हे संप्रेरक सापडते ते भ्रूणाच्या बाह्यपेशी आईच्या ऊतींत शिरल्यानंतर. म्हणजे तपासणीत काहीही दिसेपर्यंत निर्णायक टप्पा उलटून गेलेला असतो.

या टप्प्याचे मानवी शरीरातील चित्र आपल्याला मिळाले ते मुख्यतः एका जुन्या संग्रहातून. अमेरिकेतील बोस्टनजवळच्या एका स्त्री-रुग्णालयात आर्थर हर्टिग आणि जॉन रॉक या डॉक्टरांनी १९३८ पासून सुमारे पंधरा वर्षे, वैद्यकीय कारणासाठी गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांच्या ऊतींची बारकाईने तपासणी केली आणि पहिल्या सतरा दिवसांतील ३४ भ्रूण शोधून काढले. संशोधनासाठी संमती घेण्याची आजच्यासारखी काटेकोर पद्धत तेव्हा नव्हती, आणि आज असा अभ्यास कोणी करू शकणार नाही, करूही नये. तरीही पाठ्यपुस्तकांतील आकृत्या अजून बऱ्याच अंशी त्याच काचपट्ट्यांवर आधारलेल्या आहेत. त्यांतही एक जागा रिकामी आहे. काही भ्रूण गर्भाशयाच्या पोकळीत मोकळे सापडले, काही आधीच चिकटून आत शिरू लागलेले होते; पहिल्या स्पर्शाचा क्षण मात्र मानवी गर्भाशयात आजवर कोणीही पाहिलेला नाही. प्रयोगशाळेतील सगळी प्रतिरूपे ही रिकामी जागा भरण्यासाठी उभी राहिली आहेत.

आपल्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. "उत्तम दर्जा" हा शेरा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या बाह्य रूपावरून दिला जातो. तेवढ्यावरून आतील गुणसूत्रांची संख्या बरोबर आहे की नाही हे कळत नाही. दुसरे असे की गर्भ न टिकणे नैसर्गिक गर्भधारणेतही फार सामान्य आहे. १९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून १९८ गर्भधारणा नोंदल्या गेल्या, आणि त्यांपैकी २२ टक्के गर्भधारणा एरवी लक्षातही येण्यापूर्वीच संपल्या होत्या. आपल्या वागण्यातील एखाद्या चुकीमुळे हे झाले असे मानण्यास यात कोणताही आधार नाही.

प्रश्न : मी जीवशास्त्र शिकवतो. उंदीर, गाय, माकड यांच्यावर प्रजननाचा इतका अभ्यास झालेला असताना मानवी प्रतिरूपांचा खटाटोप कशासाठी, असे विद्यार्थी विचारतात. त्यांना काय सांगावे?

उत्तर : त्यांना सांगावे की हृदय किंवा मूत्रपिंड यांच्या बाबतीत सस्तन प्राण्यांत जेवढे साम्य आढळते, तेवढे गर्भ रुजण्याच्या बाबतीत आढळत नाही. गायीचा भ्रूण अस्तराला बाहेरूनच चिकटतो, आत घुसत नाही. डुकराचा भ्रूण तर चिकटण्यापूर्वी धाग्यासारखा लांबत जातो आणि त्याची लांबी मीटरच्या घरात जाऊ शकते. उंदराचा भ्रूण अस्तराच्या एका खाचेत बसतो आणि अस्तर त्याच्याभोवती मिटते. मानवी भ्रूण स्वतः अस्तर भेदून पूर्णपणे आत जातो आणि वरचा पृष्ठभाग त्याच्यावर पुन्हा भरून येतो. प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या माकडांचे भ्रूणही इतके खोल जात नाहीत. माणसासारखी पद्धत आढळते ती चिंपांझी, गोरिला अशा मोठ्या वानरांत, आणि त्यांच्यावर असे प्रयोग करणे नीतीला धरून होणार नाही.

फरक भ्रूणापुरता नाही. स्त्रीच्या शरीरात बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली अस्तरातील, पृष्ठभागाच्या थराखालच्या आधारपेशी फुगतात, गोलसर होतात आणि वेगळी प्रथिने स्रवू लागतात. भ्रूण आलेला असो वा नसो, हा बदल दर महिन्याला होतो, आणि गर्भ न राहिल्यास ते अस्तर पाळीच्या रूपाने बाहेर पडते. उंदरात हाच बदल भ्रूणाच्या स्पर्शाने सुरू होतो, आधी नाही. म्हणूनच उंदराला पाळी येत नाही. पाळी येणारे सस्तन प्राणी मोजकेच आहेत : माणूस आणि त्याचे काही जवळचे नातलग, काही वटवाघळे, हत्तीचिचुंद्री, आणि २०१७ साली लक्षात आलेला एक काटेरी उंदीर.

या फरकाची किंमत काय असते, याचे एक उदाहरण वर्गात जरूर सांगावे. १९९२ साली असे सिद्ध झाले की एलआयएफ नावाचे प्रथिन बनवू न शकणाऱ्या मादी उंदरांत भ्रूण रुजतच नाहीत, आणि तेच भ्रूण सामान्य मादीच्या गर्भाशयात ठेवले की व्यवस्थित रुजतात. निष्कर्ष इतका स्वच्छ होता की वारंवार अपयश येणाऱ्या स्त्रियांना हे प्रथिन इंजेक्शनद्वारे देऊन पाहण्यात आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत गर्भधारणेचे प्रमाण वाढले नाही. उंदरावरील संशोधन त्यामुळे खोटे ठरले नाही. ते उंदराविषयी खरेच आहे. माणसाविषयीचा प्रश्न मात्र मानवी पेशींनाच विचारावा लागतो.

प्रश्न : प्रयोगशाळेत "गर्भाशयाचे अस्तर" तयार करतात म्हणजे नेमके काय करतात? ते कशापासून बनते?

उत्तर : या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण अशा संशोधनाच्या बातम्यांत हाच भाग सर्वांत घाईने उरकला जातो.

सुरुवातीचे प्रयोग साधे होते. १९८५ च्या सुमारास डेन्मार्कमधील संशोधकांनी स्त्रीच्या अस्तरातून काढलेल्या पेशींचा एक सपाट थर काचपात्रात वाढवला आणि त्यावर दान मिळालेला मानवी ब्लास्टोसिस्ट ठेवून तो कसा चिकटतो ते पाहिले. पुढे अस्तराच्या कर्करोगापासून मिळालेल्या, अमर्याद वाढणाऱ्या पेशींचा वापर रूढ झाला. इशिकावा नावाची पेशीमालिका त्यांपैकी सर्वांत परिचित आहे. भ्रूण मिळणे कठीण असल्याने त्याच्या जागी वारेच्या कर्करोगातील पेशींचे छोटे गोळे वापरले जातात. ते पेशींच्या थरावर सोडायचे, ठरावीक वेळाने पात्र हलवायचे आणि किती गोळे चिकटून राहिले ते मोजायचे. एखादे औषध चिकटण्यावर काय परिणाम करते, हे झटपट आणि स्वस्तात तपासायला ही पद्धत उपयोगी आहे. पण कर्करोगाच्या पेशी मुळातच चिकटण्यात आणि पसरण्यात तरबेज असतात. त्यांच्या गोळ्याला भ्रूण समजून काढलेले निष्कर्ष फार जपून वाचावेत, असे माझे मत आहे.

मोठा बदल २०१७ साली झाला. केंब्रिज आणि बेल्जियममधील ल्यूवेन येथील गटांनी अस्तराच्या ग्रंथींपासून ऑर्गनॉइड तयार केले. अस्तराचा छोटा तुकडा घेऊन त्यातील ग्रंथींचे तुकडे वेगळे करतात आणि मऊ जेलमध्ये, वाढीला आवश्यक घटकांसह ठेवतात. काही दिवसांत पेशी स्वतःहून पोकळ गोल रचना उभारतात. त्यांना इस्ट्रोजेन आणि मग प्रोजेस्टेरॉन दिले की त्या पाळीच्या उत्तरार्धातील ग्रंथींप्रमाणे स्राव करू लागतात. या रचना महिनोन्‌महिने वाढवता येतात, गोठवून ठेवता येतात, आणि ज्या स्त्रीच्या पेशी त्या स्त्रीची वैशिष्ट्ये त्यांच्यात बऱ्याच अंशी टिकून राहतात. २०२१ साली तर पाळीच्या स्रावातूनही असे ऑर्गनॉइड वाढवता येतात हे दिसून आले. अस्तराचा तुकडा काढण्यासाठी करावी लागणारी, स्त्रीला त्रास देणारी तपासणी त्यामुळे काही प्रसंगी टाळता येईल. ही बातमी मला वैयक्तिकरीत्या फार मोलाची वाटते.

तरीही गर्भ रुजण्याच्या अभ्यासासाठी ऑर्गनॉइडमध्ये एक मूलभूत अडचण होती. गर्भाशयात भ्रूण अस्तराच्या ज्या बाजूला टेकतो, ती बाजू ऑर्गनॉइडमध्ये आतल्या पोकळीकडे वळलेली असते, एखादी पिशवी उलटी करून तिचे तोंड शिवून टाकावे तशी. बाहेर ठेवलेल्या भ्रूणाला ती भेटतच नाही. यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे ऑर्गनॉइडच्या पेशी सुट्या करून त्यांचा उघडा, सपाट थर पुन्हा मांडणे. दुसरा म्हणजे योग्य बाजू बाहेर येईल अशी संपूर्ण रचनाच घडवणे. जपानी संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रतिरूपात हा दुसरा मार्ग घेतला होता आणि आधारपेशी तसेच रक्तवाहिन्यांच्या पेशीही त्यात समाविष्ट केल्या होत्या.

आधारपेशींचा उल्लेख येथे मुद्दाम केला. पृष्ठभागाचा थर जेमतेम एका पेशीच्या जाडीचा असतो. भ्रूण तो ओलांडून गेला की पुढचा सगळा व्यवहार आधारपेशींशी असतो. त्या नसतील तर प्रतिरूप फक्त चिकटण्याविषयी बोलू शकते, रुजण्याविषयी नाही. म्हणून कोणताही नवा शोध वाचताना मी प्रथम दोन गोष्टी पाहतो : अस्तराच्या बाजूला कोणकोणत्या पेशी होत्या, आणि भ्रूणाच्या बाजूला प्रत्यक्ष भ्रूण होता की त्याची जागा घेणारे दुसरे काही. जे प्रतिरूपात नव्हते त्याविषयीचा निष्कर्ष त्यातून निघू शकत नाही. आणि ही साधी कसोटी लावली की अनेक ठळक मथळे आपोआप खाली उतरतात.

जेलविषयीही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. सर्वाधिक वापरला जाणारा जेल उंदराच्या एका गाठीतील पेशींपासून मिळतो, आणि त्याची रचना दर खेपेला थोडी वेगळी असते. एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरीत जसाच्या तसा न मिळण्याचे हे एक कारण आहे. म्हणून कोलॅजन किंवा कृत्रिम जेल वापरण्याकडे कल वाढत आहे.

प्रश्न : "ब्लास्टॉइड" म्हणजे कृत्रिम मानवी भ्रूण का? शुक्राणू आणि बीजांडाशिवाय माणूस तयार करण्याकडे ही वाटचाल नाही ना?

उत्तर : ब्लास्टॉइड हे मूलपेशींपासून, म्हणजे अनेक प्रकारच्या पेशींत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशींपासून, बनवलेले ब्लास्टोसिस्टचे प्रतिरूप आहे. उंदराच्या पेशींपासून ते २०१८ साली तयार झाले. मार्च २०२१ मध्ये मेलबर्न आणि टेक्सास येथील दोन गटांनी मानवी ब्लास्टॉइड जाहीर केले. मेलबर्नच्या गटाने प्रौढ व्यक्तीच्या त्वचेच्या पेशींचे रूपांतर करून ते मिळवले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हिएन्ना येथील निकोलस रिव्हरों यांच्या गटाने अधिक भरवशाची पद्धत दिली. मूळ भ्रूणाप्रमाणे यातही बाहेरचा थर, आतला पुंजका आणि पोकळी असते. व्हिएन्नाच्या ब्लास्टॉइडनी दोन गोष्टी करून दाखवल्या, ज्यांमुळे या क्षेत्रातील अनेकांचा विश्वास बसला. संप्रेरके देऊन तयार केलेल्या अस्तराच्या पेशींना ते चिकटले, आणि संप्रेरके न दिलेल्या पेशींना चिकटले नाहीत. शिवाय चिकटताना त्यांनी आतला पुंजका ज्या बाजूला आहे तीच बाजू टेकवली, जशी मानवी भ्रूण टेकवतो. उंदराचा भ्रूण नेमकी विरुद्ध बाजू टेकवतो.

आपली शंका रास्त आहे आणि ती बाजूला सारण्याजोगी नाही. ब्लास्टॉइड एका वेळी शेकड्यांनी बनवता येतात, त्यामुळे एखाद्या जनुकाचे काम तपासण्यासाठी दान मिळालेले भ्रूण खर्ची घालावे लागत नाहीत. हा त्यांचा मोठा लाभ. परंतु प्रतिरूप जितके हुबेहूब होत जाईल तितका त्याच्या नैतिक दर्जाचा प्रश्न तीव्र होणार, हेही खरे. आंतरराष्ट्रीय मूलपेशी संशोधन संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी प्रतिरूपे मनुष्याच्या किंवा प्राण्याच्या गर्भाशयात ठेवण्यास मनाई आहे, आणि २०२५ साली केलेल्या सुधारणेत ती शरीराबाहेर जगण्याच्या अवस्थेपर्यंत वाढवण्यासही मनाई करण्यात आली. ही तत्त्वे कायदा नव्हेत; ती प्रत्येक देशाने कायद्यात आणावीत असे मला ठामपणे वाटते.

प्रश्न : भ्रूण चौदा दिवसांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, हा नियम कोणी केला? चौदाच दिवस का?

उत्तर : ही मर्यादा प्रथम १९७९ साली अमेरिकेतील एका सरकारी नीतिविषयक मंडळाने सुचवली. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली तिचा पुरस्कार केला आणि १९९० साली तेथे तसा कायदा झाला; पुढे अनेक देशांनी तो आदर्श मानला. चौदाव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणावर एक रेषा उमटते, जिच्यापासून शरीराचे डोके-शेपूट आणि डावे-उजवे ठरत जाते. त्यानंतर एका भ्रूणाची जुळी होण्याची शक्यता सहसा उरत नाही, म्हणजे येथून एक व्यक्ती घडू लागते असे म्हणता येते. मज्जासंस्थेचा मागमूसही तोपर्यंत नसतो.

नियम झाला तेव्हा कोणालाही भ्रूण इतके दिवस वाढवता येत नव्हता. आठवडाभरापुढे जाणे अवघड होते. २०१६ साली केंब्रिज आणि न्यूयॉर्क येथील गटांनी आईच्या कोणत्याही पेशी नसताना मानवी भ्रूण बारा-तेरा दिवसांपर्यंत वाढवला आणि मर्यादेपूर्वी प्रयोग थांबवला. आईच्या ऊतींची साथ नसतानाही भ्रूण आपली अंतर्गत मांडणी बरीचशी स्वतः करतो, हे त्यातून प्रथम दिसले. पण तो पात्राच्या तळाशी चपटा पसरत गेला, कारण आत शिरायला खाली काही नव्हते. २०२१ साली आंतरराष्ट्रीय मूलपेशी संशोधन संस्थेने सरसकट बंदी शिथिल करून प्रत्येक प्रस्तावाचा स्वतंत्र विचार आणि समाजाशी संवाद यांची अट सुचवली. बहुतेक ठिकाणचे कायदे मात्र तसेच आहेत. भ्रूण रुजण्याचा मुख्य भाग सातव्या ते बाराव्या दिवसात येतो, म्हणून या विषयापुरती चौदा दिवसांची मर्यादा फारशी आड येत नाही.

प्रश्न : भ्रूण सोडल्यानंतर हालचाल केली तर तो खाली पडेल, म्हणून मला पूर्ण विश्रांती सांगितली आहे. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. गर्भाशयाची पोकळी मोकळ्या खोलीसारखी नसते. पुढची आणि मागची भिंत एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या असतात आणि मध्ये पातळ, चिकट द्रव असतो. उभे राहिल्याने किंवा चालल्याने भ्रूण पडत नाही. अंथरुणावर पडून राहिल्याने गर्भधारणेचे प्रमाण वाढते असे चाचण्यांत दिसलेले नाही. अन्य वैद्यकीय कारणासाठी विश्रांती सांगितली असेल तर ती बाब वेगळी, आणि ते कारण डॉक्टरांना विचारून घ्यावे. याच रचनेमुळे प्रयोगशाळेतील उघडे पात्र गर्भाशयापासून दूर पडते : तेथे भ्रूण वरून खाली टेकतो, शरीरात तो दोन भिंतींच्या मध्ये धरलेला असतो.

प्रश्न : इतक्या वर्षांच्या या खटाटोपातून रुग्णांच्या हाती काय आले? खरे सांगावे.

उत्तर : थेट उपचार म्हणून विचाराल तर अजून फार थोडे. समज म्हणून विचाराल तर बरेच, आणि त्यातील काही समज उपचारांची दिशा बदलणारी आहे.

पूर्वी गर्भाशयाचे अस्तर म्हणजे भ्रूणाची निमूटपणे वाट पाहणारी जागा, असे मानले जाई. आधारपेशी आणि मानवी भ्रूण एकत्र ठेवून केलेल्या प्रयोगांत, २०१० साली, असे दिसले की वाढ खुंटलेल्या भ्रूणाच्या सान्निध्यात या पेशी रुजण्यास मदत करणारे अनेक पदार्थ स्रवणे कमी करतात. म्हणजे अस्तर येणाऱ्या भ्रूणाची पारख करते. वारंवार गर्भपात होणाऱ्या काही स्त्रियांत ही पारख सैल पडत असावी, असा विचार त्यातून पुढे आला. ब्रिटनमधील वॉरिक येथील गटाने २०२१ साली ग्रंथी आणि आधारपेशी एकत्र असलेल्या प्रतिरूपात आणखी एक अनपेक्षित गोष्ट नोंदवली. अस्तरातील काही पेशी झपाट्याने वृद्ध होतात. त्यांना औषधाने रोखले, तर भ्रूण एका घट्ट, न हलणाऱ्या चौकटीत अडकून पडतो. अस्तर थोडे मोडण्याची तयारीही रुजण्यासाठी लागते, असा याचा अर्थ दिसतो.

भ्रूण आत कसा शिरतो, याविषयी २०२५ साली बार्सिलोना येथील संशोधकांनी कोलॅजनच्या जाळीत मानवी भ्रूण ठेवून चित्रीकरण केले. भ्रूण भोवतालचे तंतू विरघळवतो हे माहीत होते. तो ते जोराने स्वतःकडे ओढतो, हे तेथे प्रत्यक्ष मोजले गेले. उंदराचे भ्रूण त्याच जाळीच्या पृष्ठभागावर पसरत राहिले.

आता दुसरी बाजू, जी मला तितकीच महत्त्वाची वाटते. गर्भ रुजत नाही या दुःखाभोवती अनेक महागडे पूरक उपचार उभे राहिले आहेत. अस्तराला मुद्दाम ओरखडा काढल्यास भ्रूण रुजण्याची शक्यता वाढते, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०१९ साली १,३६४ स्त्रियांवरील चाचणीत ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या दोन्ही गटांत बाळ होण्याचे प्रमाण २६.१ टक्के इतके सारखेच आले. अस्तरातील जनुकांच्या क्रियाशीलतेवरून भ्रूण सोडण्याची "योग्य वेळ" ठरवणारी चाचणीही अशीच लोकप्रिय झाली. २०२२ च्या एका मोठ्या चाचणीत, त्या वेळेनुसार भ्रूण सोडलेल्या गटात बाळ होण्याचे प्रमाण ५८.५ टक्के होते, आणि नेहमीच्या वेळेनुसार सोडलेल्या गटात ६१.९ टक्के. या दोन्ही उपायांमागील तर्क कागदावर पटणारा होता. म्हणून प्रयोगशाळेत काही आशादायक दिसले की त्याचा उपचार म्हणून आग्रह धरू नये, आणि कोणी तो विकत असेल तर "याची चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांवर चाचणी झाली आहे का, आणि त्यात बाळ होण्याचे प्रमाण वाढले का" असे स्पष्ट विचारावे. गर्भधारणेची चाचणी होकारार्थी येणे आणि बाळ घरी येणे, यांतील फरकही विचारून घ्यावा.

प्रश्न : आजच्या प्रतिरूपांत अजून काय नाही?

उत्तर : मुख्यतः वाहते रक्त आणि रोगप्रतिकारक पेशी. रुजण्याच्या काळात अस्तरात एका विशिष्ट प्रकारच्या नैसर्गिक मारक पेशी मोठ्या संख्येने जमतात. नाव भयंकर असले तरी येथे त्या भ्रूणावर हल्ला करत नाहीत; रक्तवाहिन्यांच्या फेररचनेला त्या मदत करतात. ही फेररचना अपुरी राहिली तर पुढे गरोदरपणातील उच्च रक्तदाबाचा गंभीर विकार उद्भवू शकतो, आणि वारेच्या पेशी प्रमाणाबाहेर खोल गेल्या तर प्रसूतीनंतर वार सुटत नाही. म्हणजे या अभ्यासाचा संबंध वंध्यत्वापुरता नाही. सूक्ष्म नलिकांच्या चिपवर हे भाग एकत्र आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०१७ साली अमेरिकेत अंडाशय, गर्भाशय आणि यकृत यांसह पाच अवयवांच्या ऊती एका प्रणालीत जोडून २८ दिवसांचे संप्रेरकचक्र निर्माण करण्यात आले. त्यात अंडाशय उंदराचे होते. २०२२ साली पेनसिल्व्हेनियातील गटाने वारेच्या पेशी आईच्या रक्तवाहिनीकडे कशा सरकतात ते चिपवर दाखवले. त्या प्रयोगात भ्रूण नव्हता, आणि या प्रश्नासाठी तो आवश्यकही नव्हता.

प्रश्न : आम्हाला दोन मुले झाली. आमचे तीन भ्रूण अजून गोठवलेले आहेत. संशोधनासाठी दिले तर त्यांचे नेमके काय होईल?

उत्तर : आपण हा प्रश्न विचारला याबद्दल कृतज्ञता वाटते, कारण वर सांगितलेल्या प्रयोगांपैकी ज्यांत प्रत्यक्ष भ्रूण वापरले गेले, ते आपल्यासारख्या दांपत्यांच्या दानावरच झाले. प्रथम हे तपासावे की आपले केंद्र मान्यताप्राप्त संशोधन प्रकल्पाशी जोडलेले आहे का. सगळी केंद्रे तशी नसतात. असल्यास दोघांचीही लेखी संमती घेतली जाते. कोणत्या प्रकारच्या संशोधनासाठी भ्रूण वापरले जातील, त्यांपासून कायम टिकणारी मूलपेशींची मालिका बनवली जाईल का, जनुकीय माहिती वाचली जाईल का, हे संमतीपत्रात स्वतंत्रपणे लिहिलेले असावे, आणि एखाद्या गोष्टीला होकार व दुसरीला नकार देता यावा. आपली ओळख संशोधकांना सांगितली जात नाही. भ्रूण वितळवून काही दिवस वाढवले जातात, कोणाच्याही गर्भाशयात ठेवले जात नाहीत, आणि ठरलेल्या मर्यादेपूर्वी त्यांची वाढ थांबवून पेशी तपासणीसाठी घेतल्या जातात. गोठवलेले सर्वच भ्रूण वितळवल्यानंतर टिकत नाहीत, त्यामुळे एखादा वापरात येणारही नाही. निष्कर्ष सहसा दात्यांना वैयक्तिकरीत्या कळवले जात नाहीत. दोघांपैकी एकाचे मन तयार नसेल तर घाई करू नये. आणि संमती दिल्यानंतरही, भ्रूण प्रत्यक्ष वापरात येईपर्यंत ती मागे घेण्याचा अधिकार संमतीपत्रात आहे ना, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे.